आडवा र, मुकी कळ आणि मराठीचा कळफलक

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा दिली' या दोन वाक्यांत पैसे दोन वेगळ्या माणसांच्या हातात पडतात. पहिल्या जोडीत काय किंवा दुसऱ्या जोडीत काय, सगळा फरक एका चिन्हाचा आहे. एकीकडे र अक्षराच्या डोक्यावर चढतो, त्याला आपण रफार म्हणतो. दुसरीकडे तो चंद्रकोरीसारखा आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. उच्चारही वेगळा आहे. 'दर्या' म्हणताना द वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. मराठीतली फार मोठी शब्दसंपत्ती या आडव्या र वर उभी आहे. दरी, पायरी, नवरा, शेतकरी, दुसरा, करणारा या शब्दांची अनेकवचने आणि सामान्यरूपे त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत. वऱ्हाड, कऱ्हाड, गुऱ्हाळ, कुऱ्हाड, तऱ्हा हे तर मूळचेच तसे आहेत.

आणि तरीही संगणकावर रोज मराठी लिहिणाऱ्या दहा जणांना विचारले, की हे चिन्ह कोणत्या कळीवर आहे, तर बहुतेक जण क्षणभर थांबतात. कुणी जुन्या मजकुरातून ते उचलून चिकटवतो, कुणी शब्द रोमनात लिहून यंत्राने सुचवलेल्या पर्यायांतून निवडतो, कुणी सरळ 'दर्या' लिहून पुढे जातो. जुन्या मराठी पुस्तकांची शब्दसूची करण्याच्या कामामुळे मला या प्रश्नाशी रोजचे घर करावे लागले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो. साहित्याच्या वाचकांना हा विषय तांत्रिक वाटेल. पण कोणत्या कळीवर कोणते अक्षर असावे, हा प्रश्न शेवटी उद्याच्या वाचकाला आपले लिहिलेले सापडेल की नाही, या प्रश्नापाशी जाऊन थांबतो.

कळ दाबली की काय होते

आपली समजूत अशी असते, की कळीवर जे अक्षर छापले आहे ते संगणकाला कळते. प्रत्यक्षात कळफलकाला कोणतीच लिपी येत नाही. कळ दाबली की तो फक्त एक क्रमांक पाठवतो. रोमन 'जे' छापलेली कळ दाबली, तर 'छत्तिसावी कळ दाबली गेली' एवढाच निरोप जातो. संगणकात एक तक्ता असतो. छत्तिसावी कळ नुसती दाबली तर काय, शिफ्टबरोबर दाबली तर काय, उजव्या आल्ट कळीबरोबर दाबली तर काय, हे त्यात लिहिलेले असते. या तक्त्यालाच कळफलकाची रचना म्हणतात. तक्त्यातून बाहेर पडते तेही अक्षराचे चित्र नव्हे, तर युनिकोडमधला एक संकेतांक. त्या संकेतांकाला रूप देण्याचे काम फाँटचे असते.

म्हणजे तीन स्वतंत्र पायऱ्या झाल्या: कळ, संकेतांक आणि रूप. पहिलीपासून दुसरीकडे नेणारा तक्ता हा एक साधा दस्तऐवज आहे आणि तो कोणालाही बदलता येतो, ही गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते.

जुळाऱ्याची केस, टंकयंत्राची मुकी कळ

हा घोळ आजचा नाही. खिळे जुळवण्याच्या काळात देवनागरीची केस रोमनच्या कितीतरी पट मोठी असे. अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार यांचे शेकडो खण जुळाऱ्याच्या हाताला पाठ असत. १८६९ साली मुंबईत निघालेल्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत-मराठी पुस्तके पाहिली, की त्या हातांना काय साधले होते ते दिसते. जुळाऱ्याला नवे चिन्ह हवे असेल तर खिळा पाडून घ्यायचा आणि केसीत एक खण वाढवायचा, एवढाच मार्ग होता आणि तो खुला होता.

टंकलेखनयंत्र आले आणि खण मोजके झाले. चाळीस-पंचेचाळीस कळा आणि प्रत्येकीवर दोन चिन्हे, एवढ्यात सगळी देवनागरी बसवायची होती. त्यावरची युक्ती मोठी हुशारीची होती. अर्धे अक्षर टंकायचे आणि त्याला उभा दंड जोडून ते पूर्ण करायचे. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्यासाठी अशा कळा ठेवल्या, की त्या दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे. चिन्ह उमटे आणि गाडा तिथेच थांबे. इंग्रजीत या कळांना 'मेलेली कळ' अशा अर्थाचे नाव आहे. मी त्यांना मुकी कळ म्हणतो, कारण ती स्वतः पुढे जात नाही, पुढच्याची वाट पाहते. ही कल्पना संगणकातही टिकून आहे आणि तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

त्यानंतरचा टप्पा मराठी प्रकाशन व्यवसायाला अजून भोवतो आहे. संगणकावर मजकूरजुळणी सुरू झाली तेव्हा अनेक फाँटांनी संकेतांकाच्या पायरीला बगल दिली. आत रोमन अक्षराचाच क्रमांक ठेवायचा आणि त्याचे चित्र तेवढे मराठी काढायचे. कागदावर सुरेख मराठी उमटे, संगणकाच्या लेखी मात्र तो निरर्थक रोमन मजकूर असे. फाँट बदलला की लेखाचा चिवडा होई. रुपयाचे चिन्ह आले तेव्हाही हेच लहान प्रमाणावर घडले. जुलै २०१० मध्ये सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारले आणि लगेच असे फाँट फिरू लागले, ज्यांत कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका विरामचिन्हाच्या जागी ₹ चे चित्र बसवले होते. फाँट नसलेल्या संगणकावर त्या पत्रातल्या रकमेपुढे नुसती एक तिरकी रेघ दिसे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ₹ ला स्वतःचा संकेतांक मिळाला आणि तो प्रश्न सुटला. आज भारतीय इंग्रजी कळफलकावर उजवी आल्ट आणि ४ दाबले की तो उमटतो. चित्र बदलणे आणि संकेतांक बदलणे यांतला फरक दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

तमिळच्या जागेवर मराठी र

सरकारी पातळीवर १९८६ पासून आकाराला आलेली इन्स्क्रिप्ट रचना हा भारतीय भाषांचा अधिकृत कळफलक. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, अल्पप्राण साध्या कळीवर तर त्याचा महाप्राण त्याच कळीवर शिफ्टसह, अशी तिची शिस्तबद्ध मांडणी आहे. सगळ्या ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच रचना, हे तिचे तत्त्व. क ची कळ मराठीत, बंगालीत आणि तेलुगूत एकच.

या तत्त्वाचा एक अनपेक्षित लाभ मराठीला झाला. तमिळसारख्या द्राविडी भाषांत एक वेगळा, कठोर र आहे. तो देवनागरीत लिहिण्यासाठी र खाली बिंदू असलेले ऱ हे अक्षर संकेतसंचात घेतले गेले आणि र च्याच कळीवर, म्हणजे रोमन 'जे'वर, शिफ्टसह बसवले गेले. मराठीत हे पूर्ण अक्षर कधीच लागत नाही. त्यामुळे असे ठरवण्यात आले, की या ऱ चा पाय मोडला की आडवा र मिळेल. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या संकेतसंचात ही सोय होती आणि युनिकोडने ती पुढे चालू ठेवली. म्हणून इन्स्क्रिप्टमध्ये 'दऱ्या' लिहायला द, मग शिफ्टसह 'जे', मग हलन्ताची 'डी', मग य आणि काना. वऱ्हाडचा र असा तमिळच्या जागेवर पाहुणा म्हणून राहतो आहे. हे एकदा समजले की विसरत नाही, पण सांगितल्याशिवाय ते कुणाला सुचेल असेही नाही.

एक रूप, तीन संकेत

खरी अडचण येथून पुढे आहे. आडवा र लिहायची दुसरीही वाट युनिकोडने उघडी ठेवली आहे. साधा र, त्यापुढे हलन्त, त्यापुढे 'शून्य रुंदीचा जोडक' नावाचे अदृश्य चिन्ह, मग य. जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ही वाट ठेवली गेली. दोन्ही वाटांनी गेलो तरी पडद्यावर अगदी एकसारखे 'ऱ्या' दिसते. भिंगातून पाहिले तरी फरक कळणार नाही. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत.

शब्दसूचीच्या कामात माझ्याकडे तीन टंकलेखकांनी टाइप केलेली पुस्तके आली. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द शोधला तर एकाच्याच पुस्तकांतून तो निघे. बाकीच्या पुस्तकांत तो पानोपानी डोळ्यांना दिसत होता, शोधयंत्राला दिसत नव्हता. एकाने ऱ वापरला होता, दुसऱ्याने जोडक, तिसऱ्याने सरसकट रफार. शेतीविषयी मराठीत काय लिहिले गेले, याचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या हातून मोठा भाग असा नकळत निसटेल, आणि निसटला हे त्याला कळणारही नाही. पुस्तक वाळवीने खाल्ले तर भोके तरी दिसतात.

हीच कथा ॲ ची. इंग्रजीतून आलेल्या ॲसिड, ॲल्युमिनियम, ॲप अशा शब्दांसाठी मराठीला अ वर चंद्र हवा असतो. मूळ इन्स्क्रिप्टच्या तक्त्यात ए वर चंद्र असलेला ऍ आहे. तो मराठीचा नव्हे. मराठी ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ आवृत्तीत, यू+०९७२ या क्रमांकावर. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्थान दिले. पण तोवर लोकांनी आपापल्या वाटा काढल्या होत्या. कुणी अ लिहून त्यावर चंद्राची मात्रा ठेवी, कुणी त्या दोहोंच्या मधे अदृश्य जोडक घाली. आज मराठी मजकुरात ॲ हे अक्षर तीन वेगवेगळ्या संकेतांनी वावरते. युनिकोड यांतल्या अ अधिक चंद्र या जोडीला ग्राह्य मानत नाही, म्हणून काही ठिकाणी त्या दोहोंच्या मधे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. वाचकाला ते छपाईची चूक वाटते.

तिसरे उदाहरण या अंकाच्या वाचकांच्या अगदी जिव्हाळ्याचे: 'वाङ्मय'. येथे हवा ङ, जो इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'यू' या कळीवर आहे. तो न सापडल्यामुळे ड ला हलन्त लावला जातो, किंवा ड ला नुक्ता देऊन ङ चा आभास निर्माण केला जातो. ड च्या पोटाशी बिंदू आणि ड च्या बाजूला बिंदू यांत लहान अक्षरात फरक तो किती! वाङ्मयाचा इतिहास शोधायला निघालेल्याला वाङ्मयच सापडू नये, अशी ही गंमत आहे.

या तिन्ही उदाहरणांत लिहिणाऱ्याचा आळस किंवा अज्ञान एवढेच कारण मला दिसत नाही. योग्य अक्षर हाताशी नसेल तर माणूस हाताशी असलेल्यावर भागवतो. जुळारीसुद्धा खिळे संपले की तेच करत असे. म्हणून उपायही हाताशीच हवा.

आपला तक्ता आपण करावा

विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने 'कीबोर्ड लेआउट क्रिएटर' नावाचे साधन विनामूल्य दिले आहे. ते उघडले की पडद्यावर कळफलक दिसतो. आधीची मराठी रचना त्यात उघडायची, वेगळ्या नावाने जतन करायची, आणि रिकाम्या जागी हवी ती चिन्हे बसवायची. शेवटी साधन एक छोटा संच तयार करून देते. तो संगणकावर बसवला की भाषांच्या यादीत आपली रचना दिसू लागते. मॅकसाठी 'युकेलेले' हे तसेच साधन एसआयएल या भाषाविषयक संस्थेने दिले आहे. लिनक्समध्ये रचना साध्या मजकुराच्या फायलीत असते आणि कोणत्याही संपादकात उघडते. तिथे कळींना ओळ आणि क्रम यांवरून नावे आहेत. र ची कळ म्हणजे 'एसी०७', स्पेसपट्टीपासून मोजले तर तिसऱ्या ओळीतली सातवी.

चिन्हे कुठे बसवायची याचा मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: भर घालायची, हलवाहलव करायची नाही. शिकलेल्या बोटांची सवय मोडू नये आणि दुसऱ्याच्या संगणकावर बसलो तरी अडू नये. साध्या आणि शिफ्टच्या जागा इन्स्क्रिप्टप्रमाणे तशाच ठेवायच्या आणि नवे सगळे उजव्या आल्टच्या तिसऱ्या पातळीवर न्यायचे. तेथे बहुतेक कळा मोकळ्याच असतात.

र च्या कळीवर, उजव्या आल्टसह, मी ऱ आणि हलन्त असे दोन्ही संकेत एकदम ठेवले. म्हणजे 'दऱ्या' लिहिताना आडवा र एका दाबात येतो आणि नेहमी एकाच संकेताने येतो. विंडोजच्या साधनात एका कळीवर दोन संकेतांक एकापुढे एक देता येतात, मॅकमध्येही देता येतात. लिनक्सच्या तक्त्यात एका कळीला एकच वर्ण मिळतो, म्हणून तिथे शिफ्टसह 'जे' आणि मग हलन्त हीच सवय ठेवावी, किंवा अक्षरजोडणीच्या वेगळ्या फायलीत ते लिहावे. ॲ मी 'डी'वर ठेवला, कारण त्याच कळीवर शिफ्टसह अ आहे. काव्यपंक्ती आणि ओव्यांसाठी दुहेरी दंड ॥ एकेरी दंडाच्याच कळीवर. अवग्रह ऽ, मराठी छपाईत लागणारी उघडती आणि मिटती अवतरणचिन्हे आणि दोन लांबींच्या संयोगरेषा यांनाही जागा दिली.

दोन अदृश्य चिन्हांना जागा देताना मात्र विचार करावा लागतो. जोडक आणि त्याचा भाऊ 'विलगक' हे व्याकरण लिहिणाऱ्याला लागतात. क ला ष जोडून क्ष होतो हे दाखवताना मधली पायमोडकी अवस्था त्यांच्याशिवाय दाखवता येत नाही. पण ती दिसत नसल्यामुळे चुकून पडली तर शोधता येत नाहीत. म्हणून मी ती चौथ्या पातळीवर, उजवी आल्ट आणि शिफ्ट दोन्ही दाबल्याखेरीज येणार नाहीत अशी ठेवली आहेत. आणखी एक खबरदारी: विंडोजमध्ये उजवी आल्ट म्हणजे कंट्रोल आणि आल्ट यांची जोडी धरली जाते. ज्या प्रणालींत अशा जोडीवर काही आज्ञा ठेवलेल्या असतात तिथे टक्कर होऊ शकते. रोज वापरत असलेली साधने आधी तपासावीत.

जुना मजकूर शुद्ध करायचा तर 'शोधा आणि बदला' पुरते. र, हलन्त आणि जोडक या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त, अ अधिक चंद्राच्या जागी ॲ. सरसकट रफाराने लिहिलेले 'शेतकर्यांना' मात्र एकेक शब्द पाहूनच दुरुस्त करावे लागते, कारण 'आचार्य' कुठे आणि 'आचारी' कुठे हे यंत्र सांगू शकत नाही.

मुक्या कळीचा उपयोग

मुकी कळ संशोधकांच्या फार उपयोगाची आहे. संस्कृत किंवा जुनी मराठी रोमन लिपीत शास्त्रीय पद्धतीने लिहायची तर दीर्घ स्वरांवर आडवी रेघ, मूर्धन्य व्यंजनांखाली बिंदू, तालव्य श साठी तिरकी रेघ लागते. एवढ्या साऱ्या अक्षरांना स्वतंत्र कळा देणे शक्य नाही. त्याऐवजी तीन मुक्या कळा पुरतात: एक रेघेची, एक बिंदूची, एक तिरक्या रेघेची. आधी बिंदूची कळ दाबावी, काहीच उमटत नाही. मग रोमन 'टी' दाबावा, ट चे रोमन रूप उमटते. टंकयंत्राचा थांबलेला गाडा इथे नव्या रूपात भेटतो.

वैदिक संहितांचे काम करणाऱ्यांना अनुदात्ताची खालची आडवी रेघ आणि स्वरिताची वरची उभी रेघ लागते. त्या देवनागरीच्या मूळ विभागातच आहेत, यू+०९५२ आणि यू+०९५१. बाकीची बरीच वैदिक चिन्हे २००९ मध्ये ५.२ आवृत्तीत आली. मोडीला २०१४ साली ७.० आवृत्तीत स्वतःचा विभाग मिळाला. दफ्तरांतल्या कागदांचे लिप्यंतर करताना मूळ मोडी शब्द शेजारी देता येणे ही त्यामुळे शक्य झालेली गोष्ट आहे. मोडीची रचना मी इन्स्क्रिप्टवरच बेतावी असे सुचवेन. क च्या कळीवर मोडी क असला, की बोटांना नवे काही शिकावे लागत नाही.

कळफलकाच्या हाती नसलेले

काही गोष्टी मात्र तक्ता बदलून होत नाहीत, आणि त्यांची गल्लत होऊ नये. मराठी वळणाचा देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हवा, हिंदी वळणाचा नको, ही तक्रार रास्त आहे. पण दोन्ही वळणांना संकेतांक एकच आहे. तो रूपाचा, म्हणजे फाँटचा प्रश्न. चांगल्या फाँटात मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले की मराठी वळण आपोआप येते, म्हणून लेखाची भाषा 'मराठी' ठेवावी, 'हिंदी' नव्हे. भ्रमणध्वनीवर रचनेत फेरफार करायला वाव कमी आहे. तिथे आडवा र असलेले नेहमीचे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घालून ठेवणे एवढे हाती आहे.

आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे प्रत्येकाने आपापला तक्ता केला तर प्रत्येकाचा कळफलक वेगळा होईल. त्याची मला फारशी भीती वाटत नाही. कळ कोणतीही असो, बाहेर पडणारा संकेतांक एकच असला म्हणजे झाले. माझा ॲ 'डी'वर आणि तुमचा आणखी कुठे असला, तरी दोघांचा मजकूर एकाच शोधात सापडतो. पन्नास वर्षांनी कुणी 'वऱ्हाड' शोधील तेव्हा आज आपण कोणती बोटे कुठे ठेवली होती हे त्याला कळणार नाही. आपण कोणता संकेत ठेवला, एवढेच त्याच्या हाती लागेल.